जमिनीतले साप आणि विदर्भाची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो. मोरीत वळवळणारा सुतळीएवढा जीव, फाळाने उलथून वर आलेला मांडूळ, भेगेत शिरताना दिसलेलं अर्धं शेपूट असे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, "भाऊ, कोणता साप?" मी आधी उलट विचारतो, "वावर कोणतं? काळं, बरड (हलकं, मुरमाड) की नदीकाठचं?" पुष्कळांना या प्रश्नाचं नवल वाटतं. पण विदर्भात साप ओळखायची निम्मी खूण मातीतच असते, कारण आपली माती नुसती पडून राहत नाही. ती उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते आणि तिच्यातल्या जिवांना तिच्याच वेळापत्रकाने चालावं लागतं. गेल्या काही हंगामांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जमिनीतले साप म्हणजे नेमके कोणते? तसे सगळेच साप बिळात राहतात ना?

राहतात, पण बीळ त्यांचं नसतं. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण ज्याने केली त्याने वावरात बसून नीट पाहिलं होतं. नाग, धामण, मण्यार, घोणस यांच्यातला एकही साप कडक जमिनीत स्वतःचं बीळ कोरत नाही. उंदराने, घुशीने किंवा उधळीने (वाळवीने) केलेल्या जागेत तो मुक्काम करतो. हे झाले भाडेकरू.

मातीत स्वतः शिरणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. वाळा, त्याचाच मोठा भाऊबंद चंचुवाळा, मांडूळ ज्याला आपल्या गावांत दुतोंड्या म्हणतात, आणि डुरक्या घोणस. पोवळा या दोन्हींच्या मधला आहे. तो पाचोळ्याखालच्या सैल थरात, दगडाखाली राहतो. खापरखवल्या सापांबद्दलही विचारणा होते. ते प्रामुख्याने सह्याद्रीच्या ओल्या, पाचोळ्याने भुसभुशीत झालेल्या मातीचे. आपल्याकडून "खापरखवल्या सापडला" म्हणून जे फोटो येतात ते वाळ्याचे किंवा मांडुळाच्या पिल्लाचे निघतात.

हा फरक पक्का लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत. शिरणाऱ्या सापाचा मातीशी थेट संबंध असतो. भाडेकरू सापाचा संबंध उंदराशी असतो आणि उंदराचा मातीशी.

२. हात नाही, पाय नाही, मग साप माती उकरतो कसा?

उकरत नाही, रेटतो. मांडुळाचं थोबाड पाचरीसारखं असतं, वरचा जबडा खालच्याच्या पुढे आलेला. ते मातीत खुपसून मागचं जाड, स्नायूंनी भरलेलं अंग तो पुढे ढकलतो. रेताड माती बाजूला सरकते आणि साप पुढे गेला की मागे ढासळून बुजते. म्हणून मांडुळाच्या मागे उंदराच्या बिळासारखा बोगदा उरत नाही. त्याचे डोळे बारीक असतात, आणि सगळं अंग मातीत ठेवून नुसतं डोकं बाहेर काढून त्याला सावजाची वाट पाहता येते.

वाळ्याचं तंत्र वेगळं. त्याचं अंग इतकं बारीक असतं की मातीच्या कणांमधली फट, गांडुळाची वाट, मुंग्यांची गल्ली त्याला पुरते. शेपटीच्या टोकाला छोटा काटा असतो. तो मातीत रोवून टेकू घ्यायचा आणि पुढे सरकायचं. हातात धरल्यावर "नांगी टोचली" असं लोक म्हणतात तो हाच काटा. त्यात विष नसतं. अंगावरचे खवले गुळगुळीत आणि घट्ट बसलेले असल्यामुळे चिकट मातीतूनही वाळा स्वच्छ, चकचकीत बाहेर येतो.

३. आमच्या काळ्या वावरात मांडूळ कधी दिसत नाही, नदीकाठच्या मामाच्या वावरात दरवर्षी निघतो. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण विचारणाऱ्याने दोन मातींची तुलना आधीच केलेली असते.

आपली भारी काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली. तिच्यात चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण पुष्कळदा निम्म्याहून जास्त असतं आणि ते कण पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीचे असतात. ओली असताना ती पायाला किलोभर चिकटते, वाळली की ढेकूळ कुदळीने फुटत नाही. रेटून पुढे जाणाऱ्या सापाला या दोन्ही अवस्था वाईट. वाळलेल्यात शिरता येत नाही आणि ओलीत शिरलं तर माती ढासळण्याऐवजी अंगाला आवळते. चिखलाने भरलेल्या मातीत हवाही खेळत नाही.

वर्धा, वैनगंगा, कन्हान, पैनगंगा यांच्या काठची गाळाची, रेतीमिश्रित पोयट्याची माती याच्या उलट. कण मोठे, मधे पोकळी, पाण्याचा निचरा लवकर. पाऊस थांबल्यावर ती शिरण्याजोगी होते आणि उन्हाळ्यातही वरचा थर फोडला की खाली सैल लागते. मांडुळाला हेच हवं. शिवाय अशा मोकळ्या मातीत हरणउंदीर भरपूर असतो, तो बिळं खणायला हलकी जमीनच निवडतो. मांडूळ उंदीर खाऊन जगतो, म्हणजे घर आणि भाकर एकाच जागी.

तरी "काळ्या मातीत मांडूळ नसतोच" असं म्हणू नका. काळ्या शिवारातही मुरमाचा उंचवटा, नाल्याकाठची रेती, गावाजवळचा पांढरीचा भुसभुशीत पट्टा असतो आणि मांडूळ तिथे टिकून असतो. एकाच गटाच्या खालच्या टोकाला तो नाही आणि वरच्या बरड टोकाला आहे, असं मी बघितलं आहे. सातबाऱ्यावर जमीन एक असते, सापाच्या लेखी तिचे तीन तुकडे.

४. एप्रिल-मेमध्ये वावरात हातभर भेगा पडतात. त्यांत साप असतात का?

असतात, आणि त्याचं कारण कळलं तर काळ्या मातीचं सगळं गणित कळतं.

फुगणारी माती वाळताना आक्रसते. पीक निघालं, ओल उडाली की ती जागोजागी फाटते. भारी जमिनीत या भेगा मीटरभर खोल जातात, वर हाताचा पंजा जाईल एवढ्या रुंद असतात आणि खाली एकमेकींना मिळालेल्या असतात. म्हणजे जी माती कुणाला शिरू देत नव्हती ती स्वतःच उघडते आणि आत तयार गल्ल्यांचं गाव होतं.

बाहेर चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. भेगेत दीड-दोन हात खाली मात्र दिवस आणि रात्रीच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, थोडी ओलही टिकून असते. पाल, सरडा, बेडूक, विंचू, किडे सगळे तिथे उतरतात. मऊ केसांचा शेतउंदीर तर काळ्या मातीच्या भेगांचा खास रहिवासी आहे. त्याला खोल बीळ खणायची गरजच पडत नाही. उंदराच्या मागे नाग, मण्यार, धामण येतात. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खाणारा कुकरीही भेगांत सापडतो.

म्हणून माझं म्हणणं असं की काळी माती शिरणाऱ्या सापांना गरीब आणि भाडेकरू सापांना श्रीमंत आहे, पण ही श्रीमंती हंगामी. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत.

उन्हाळ्यात ढेकळं फोडताना, पऱ्हाटी उपटताना भेगेत हात घालू नका. विळा किंवा मोबाइल पडला तर आधी काठी आणि बॅटरी.

५. पहिला पाऊस पडला की दोन-चार दिवसांत घरात साप निघतात. ते येतात कुठून?

बहुतेक वेळा प्रश्न ४ मधल्या भेगांतून आणि बिळांतून. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी काळ्या वावरावरून वाहत नाही. ते भेगांतून सरळ तळाला जातं. त्यामुळे साप पाण्याला वरून नाही, खालून भेटतो. मग माती फुगायला लागते आणि उन्हाळाभर उघडी असलेली गल्ली काही दिवसांत मिटते. आतल्याला बाहेर पडावंच लागतं. धुऱ्यावर (वावराच्या बांधावर), पांदणीच्या कडेला, कोठ्यात, कुटाराच्या ढिगाखाली, विटांच्या चळतीत जिथे कोरडी फट मिळेल तिथे तो जातो. उंदीरही याच काळात गोठ्याकडे आणि घराकडे सरकतात, साप त्यांच्या मागे.

इथे जिवाची गोष्ट आहे, म्हणून मातीचा विषय थोडा बाजूला ठेवतो. या दिवसांत रात्री फिरणारा मण्यार सगळ्यात धोक्याचा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो अंथरुणात चावतो. चावा पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंशाची शंका आली तरी कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. हे मी दोन घरांत पाहिलं आहे आणि त्या दोन्ही घरांत आज एक माणूस कमी आहे.

६. मोरीत गांडुळासारखा पण चकचकीत, झपझप वळवळणारा जीव निघाला. साप आहे का? कानात शिरतो म्हणतात ते खरं का?

तो वाळा. साप आहे, पूर्ण निर्विष आहे आणि कानात शिरत नाही. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, वाळ्याच्या अंगावर बारीक चमकदार खवले. लांबी साधारण वीतभर किंवा कमी. डोळे खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके, म्हणून काही गावांत त्याला आंधळा साप म्हणतात.

मुंग्या आणि उधळी यांची अंडी, अळ्या, कोष हे त्याचं खाणं. त्यामुळे माती निवडताना तो दोन गोष्टी बघतो, ओल आणि मुंग्या-उधळीची वसाहत. वरची माती वाळली की तो खाली जातो. पाऊस जोरात झाला आणि मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेसाठी वर येतो आणि सांडपाण्याच्या नळीतून मोरीत पोचतो. कागदावर घेऊन कुंडीत किंवा सांदवाडीतल्या झाडाच्या आळ्यात सोडा.

या वाळ्यात नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेल्या एका कुंडीच्या मातीत एकच वाळा आला तरी नव्या अंगणात त्याची वसाहत उभी राहू शकते. जगभर तो असाच कुंड्यांमधून पसरला. "आमच्याकडे याआधी कधी नव्हता" असं सांगणाऱ्यांना मी विचारतो, यंदा झाडं कुठून आणली?

हातभर लांब, जाडसर वाळा दिसला आणि नाक चोचीसारखं वाकलेलं असलं तर तो चंचुवाळा. तोही निर्विष.

७. मांडुळाला दोन तोंडं असतात का? सहा महिने इकडून, सहा महिने तिकडून चालतो म्हणे. आणि त्याची एवढी किंमत का सांगतात?

तोंड एकच. शेपूट आखूड आणि बोथट असल्याने ती डोक्यासारखी दिसते. धोका वाटला की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली घालतो आणि शेपूट वर ठेवतो. शत्रूने शेपटीवर घाव घातला तर जीव वाचतो, म्हणून पुष्कळ मांडुळांच्या शेपटीवर जुने व्रण असतात. सहा महिन्यांची गोष्ट खोटी. त्याने चाटलं की कोड किंवा महारोग होतो, हीसुद्धा खोटी.

किंमतीबद्दल स्पष्ट लिहितो. गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, अमुक वजनाच्या मांडुळाला कोटी मिळतात, हे सगळं फसवणुकीचं जाळं आहे. शेवटी खरेदीदार कधी समोर येत नाही. येतात ते पोलीस, आणि अडकतो तो गावातला गरीब पोरगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ संरक्षित आहे. तो पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांना थेट जन्म देतो, आणि तीही थोडीच. नदीकाठच्या एका पट्ट्यातून दोन-चार माद्या उचलल्या तर तो पट्टा वर्षानुवर्षं रिकामा राहू शकतो, कारण शेजारच्या काळ्या वावरांतून नवा मांडूळ चालत येणं अवघड (प्रश्न ३). रेताड मातीचे हे तुकडे बेटांसारखे आहेत.

८. डुरक्या घोणस आणि घोणस यांत फरक कसा करायचा?

मांडुळाचा चुलतभाऊ असलेला डुरक्या आखूड, जाड आणि निर्विष. अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड, टोकाला निमुळती आणि खरखरीत. घोणशीच्या अंगावर रुद्राक्षाच्या माळेसारख्या तीन सुट्या रांगा, डोकं त्रिकोणी, मान वेगळी आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. ती अतिविषारी.

मातीची खूणही मदत करते. पाणी देताना किंवा खोदताना सैल मातीच्या *आतून* निघाला तर डुरक्या असण्याची शक्यता जास्त. गवतात, धुऱ्यावर, सोयाबीनच्या ओळीत *वर* पडलेला असला तर घोणस समजूनच वागा. पण निव्वळ या खुणेवर हात घालू नका. घोणसही उंदराच्या बिळात बसते आणि डुरक्याही रात्री वर फिरतो. घोणशीला डुरक्या समजून उचलणाऱ्यांची चूक दुरुस्त होत नाही. शंका असेल तर चांगलं लांब राहा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

९. वावरात साप कमी आणि धुऱ्यावर जास्त का?

कारण काळ्या वावरात बीळ टिकत नाही. माती फुगते, आक्रसते, वरचे कण भेगांतून खाली पडतात आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला उलथत असते. त्यावर आपली नांगरणी, वखरणी, डवरणी. धुरा मात्र वर्षानुवर्षं तसाच. बोरी-बाभळीची मुळं माती धरून ठेवतात, पाण्याच्या पातळीपेक्षा तो उंच असतो, निचरा होतो. उंदराने धुऱ्यात केलेलं बीळ पावसाळाही काढतं.

ट्रॅक्टरसाठी धुरे काढून टाकले तर साप कमी होतात, हे खरं. पण उंदीर तेवढे कमी होत नाहीत, ते पिकात आणि गंजीत राहतात. रोटाव्हेटरचं पातं वरचा वीतभर थर दळतं, आणि वाळा, डुरक्या, पोवळा यांचा वावर त्याच थरात असतो.

१०. आम्ही भंडारा-गोंदियाकडचे. आमच्याकडे कापसाची काळी नाही, धानाच्या बांध्या आहेत. आमचं गणित वेगळं का?

पुष्कळ वेगळं. पूर्व विदर्भाची माती बरीचशी जुन्या स्फटिकी खडकांतून आली, पाऊसही जवळपास दुप्पट. बुलडाणा-अकोल्याकडे ७००-८०० मिलिमीटर, तर गडचिरोलीत १३०० च्या वर. तुमच्याकडच्या जुन्या माणसांनी मातीला दिलेली नावं मला फार मोलाची वाटतात. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. प्रत्येक नावात निचरा किती आणि भेग किती याचं मोजमाप आहे, आणि साप नेमकं तेवढंच बघतो.

कन्हार भारी आणि काळी, ती पश्चिमेकडच्या काळ्या जमिनीसारखी वागते. सिहार आणि खरडी हलक्या, पण धानासाठी चिखलणी केल्यावर त्यांच्यातल्या पोकळ्या बंद होतात आणि बांधीत महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं. त्या काळात शिरणाऱ्या सापाला बांधीत जागा नाही. सगळी वस्ती बांधीच्या पाळीवर, बोडीच्या (लहान तळ्याच्या) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या बांधावर. तिथे मोठी बिळं करणारा उंदीर असतो, बेडूक मुबलक असतात आणि म्हणून दिवड, धामण, नागही. धान निघाल्यावर बांधी कोरडी होते, गळलेल्या दाण्यांवर उंदीर उतरतात आणि साप पाळीवरून आत येतात. म्हणजे पश्चिमेकडे साप पावसात वावराबाहेर पडतो तो भेग मिटली म्हणून, तुमच्याकडे पाणी साचलं म्हणून.

बरडी आणि लाल मुरमाड टेकाडं धानाखाली नसतात. शिरणाऱ्या सापांचा खरा आसरा तिथे.

११. खारपाणपट्ट्यात साप कमी असतात का?

पूर्णेच्या खोऱ्यातली, अकोला-अमरावती-बुलडाण्याची ही माती काळीच, पण तिच्यात सोडियम जास्त. त्यामुळे कण सुटे होऊन पोकळ्यांत बसतात, पाणी मुरत नाही, वर कडक पापुद्रा धरतो. चोपण जमीन ती हीच. वाळ्याला लागणाऱ्या बारीक वाटा अशा मातीत सहज बुजतात. भेगा मात्र तिथेही पडतात, त्यामुळे भाडेकरू सापांना उन्हाळी आसरा मिळतो. प्रश्न ४ मधली काळजी तिथेही घ्या.

१२. संत्र्याच्या बागेत, ठिबकाखाली वाळे फार निघतात. मुळं खातात का?

नाही. वनस्पती खाणारा साप नसतोच. वरुड-मोर्शी, काटोलकडच्या बागांत आळ्यातली माती शेणखताने भुसभुशीत आणि ठिबकाने कायम ओलसर राहते. बाहेर मे महिना, आळ्यात श्रावण. उधळी, मुंग्या, गांडुळं तिथे जमतात आणि वाळा उधळीच्या मागे येतो. तुमच्या झाडाच्या बुंध्याला लागणारी उधळी तो खातो आहे. गांडूळखताच्या बेडमध्ये निघाला तरी तेच कारण. हातमोजे घालून काम करा, कारण वाळा असतो तिथे त्याला खाणारा मण्यार किंवा पोवळाही येऊ शकतो.

१३. वारुळात नाग असतोच का?

वारूळ उधळीचं. आतली हवा दमट आणि तापमान जवळपास स्थिर असतं, म्हणून जुन्या, पडक्या वारुळात नाग, धामण राहतात आणि अंडीही घालतात. गजबजलेल्या नव्या वारुळात साप असेलच असं नाही. भारी काळ्या वावराच्या मधे वारूळ फारसं उभं राहत नाही, कारणं प्रश्न ९ मधलीच. धुऱ्यावर, झाडाच्या बुंध्याशी, लाल आणि मुरमाड जमिनीत ते उंच वाढतं.

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, ही आपली रीत. भेगा मिटलेल्या, साप उरलेल्या थोड्या कोरड्या जागांत दाटलेले, अंडी फुटून पिल्लं बाहेर पडण्याचा काळ, आणि त्या दिवशी कुदळ बंद. ही रीत पाळणाऱ्या आजीने मृदाशास्त्र वाचलं नव्हतं, पण तिला वावर ठाऊक होतं. पूजा वारुळाची करा. दूध मात्र ओतू नका, साप ते पीत नाही.

१४. दगड उचलला तर बोटाएवढा बारीक साप, डोकं काळं, शेपटी वर करून वेटोळं केलं. वाळा समजून पोराने धरला. धोका आहे का?

तो पोवळा असू शकतो. शेपटीवर दोन काळे पट्टे आणि उलटी केल्यावर खालचा निळसर रंग ही खूण. हा साप विषारी आहे. तोंड लहान असल्याने माणसाला चावल्याच्या घटना क्वचित, पण म्हणून हातात घेण्याजोगा नाही. चावला असेल तर दवाखाना. पाचोळ्याचा थर आणि दगडगोट्यांची जमीन त्याला लागते. नांगरटीच्या मधोमध तो सहसा भेटत नाही.

१५. आमच्या गावात वर्षात एकही मांडूळ दिसला नाही. म्हणजे संपले का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. जमिनीतला साप *असणं* आणि *दिसणं* या दोन गोष्टी आहेत, आणि दिसणंही मातीवर ठरतं. रेताड मातीत तो कायम आत असतो, म्हणून संख्या जास्त असूनही दिसतो कमी. भारी जमिनीत चार साप असले तरी पावसाने चारही बाहेर येतात आणि गावाला वाटतं सापांचा सुळसुळाट झाला. सर्पमित्रांच्या वह्यांतही घरात निघालेल्या सापांचीच नोंद असते, वावरातल्यांची नाही. गावात नोंद ठेवायची असेल तर तारीख, पाऊस कधी पडला, माती कोणती आणि साप किती खोल निघाला एवढं लिहा. पाच वर्षं असं लिहिलेली वही माझ्या अंदाजापेक्षा खरी असेल.

१६. बिळात डिझेल ओतलं, भेगा बुजवल्या तर साप जातील?

नाही. डिझेलने माती आणि विहिरीचं पाणी नासतं, आणि आत कोंडलेला साप दुसऱ्या तोंडाने तुमच्या पायाशी निघतो. वावरातल्या भेगा बुजवणं अशक्यच. घराभोवतीच्या भिंतींच्या फटी, मोरीची नळी, दाराखालची जागा मात्र जरूर बुजवा. त्या बुजतात आणि बुजलेल्या राहतात.

१७. पकडलेला मांडूळ जंगलात नेऊन सोडला तर चालेल ना?

जंगल कोणत्या मातीवर आहे? सागाचं जंगल पुष्कळदा कडक, खडकाळ जमिनीवर असतं. तिथे मांडुळाला शिरता आलं नाही तर ऊन आणि मुंगूस आहेतच. गावाचा मांडूळ वीस किलोमीटर लांबच्या डोंगरात सोडण्याचा चांगुलपणा त्याच्या जिवावर बेततो. वनविभागाला कळवून, जिथे सापडला त्याच्या जवळच, तशाच मातीत, संध्याकाळी सोडायला हवं. जागा निवडायची साधी रीत आहे. मूठभर माती उचलून दाबा. कोरडी असताना बोटांतून सुटून गेली तर मांडुळाला चालेल. ढेकूळच हातात आलं तर पुढे चला.

वाळ्यासाठी उलटं. माती ओलसर आणि पाचोळा असलेली हवी. नाग-धामणीला मातीपेक्षा धुरा आणि बिळं महत्त्वाची.

१८. बरड वावरात तलावाचा गाळ टाकला. आता मांडूळ जाईल का, की वाढतील?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेची कामं सुरू झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे, आणि याला एका शब्दात उत्तर नाही. तलावाचा गाळ म्हणजे वाहून आलेली चिकणमातीच. हलक्या जमिनीवर तिचा पातळ थर देऊन तो मुरमात मिसळला तर ओल धरली जाते, उधळी आणि गांडुळं वाढतात, वाळ्याला फायदा होतो. हातभर जाड थर न मिसळता पसरला तर वर छोटं काळं वावर तयार होतं. ते भेगाळतं, मिटतं, आणि खालच्या सैल मातीवर झाकण बसतं. तिथे मांडुळाला वर-खाली करणं कठीण जातं, उंदरांची जातही हळूहळू बदलू शकते. म्हणून गाळ टाकलाच तर वावराच्या उंच, मुरमाड टोकाचा एक पट्टा तसाच सोडा. पीक तिथे एरवीही येत नाही.

आणखी एक. ट्रॉलीने आणलेला गाळ पसरायच्या आधी महिनाभर धुऱ्याशी ढीग करून ठेवलेला असतो. बाहेरून वाळलेला, आत सैल आणि गार. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ढिगातून जेसीबीच्या बादलीबरोबर मांडुळाची मादी वर आली, पोटात पिल्लं होती. बादलीच्या दाताने ती मधोमध कापली गेली होती. तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो, ढीग उचलण्याच्या आदल्या संध्याकाळी फावड्याने त्याची एक बाजू हळूच मोकळी करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. आत कुणी असेल तर त्याला अंधारात निघून जायला वाट मिळते.